त्सायगरला खोटं चालत नाही

गुरुवारी दुपारी क्रिसान्तो दुमलाव चिंचेच्या रश्शात माशाचे तुकडे सोडत होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एका बाईनं आपण ‘त्सायगर’च्या तपासणी खात्यातून डॉक्टर वीब्के टोनीस बोलत असल्याचं सांगितलं. क्रिसान्तोच्या हातातला मासा हातातच राहिला.

“आपलं पत्र मिळालं,” बाई म्हणाल्या. “छापावं असं संपादकांच्या मनात आहे. माझे सतरा प्रश्न आहेत.”

“पण पत्र पंधरा ओळींचं आहे,” क्रिसान्तो म्हणाला.

“हो. म्हणूनच एवढे थोडे.”

कुणी दुसरा असता तर एव्हाना वैतागला असता. क्रिसान्तोला मात्र भरून आलं. एका साध्या वाचकाच्या पत्राला सतरा प्रश्न! याच गोष्टीवर तर तो अकरा वर्षं जीव टाकून होता. फिलिपिन्समधल्या इलोइलोहून जर्मनीतल्या लिंडनबेक गावच्या इस्पितळात नर्स म्हणून आला, तेव्हा त्याच्याजवळ परीक्षेपुरतं जर्मन होतं. त्या जर्मनमध्ये रुग्णाला ‘दुखतंय का’ विचारता यायचं, पण तो काय दुखतंय ते सांगायला लागला की पंचाईत व्हायची. पुढचं सगळं जर्मन त्याला ‘त्सायगर’नं शिकवलं. दर शनिवारी निघणारं, दीडशे पानांचं, जाडजूड साप्ताहिक. त्यातली वाक्यं अशी ऐसपैस, की क्रियापदाची वाट बघता बघता पान उलटावं लागायचं. पण पान उलटल्यावर ते क्रियापद तिथे असायचंच. जर्मन माणूस उशीर करील, पण यायचं चुकवणार नाही, असं क्रिसान्तो कौतुकानं सांगत असे.

आणि त्यांचा तो चूक कबूल करायचा चौकोन! एकदा एका फोटोखाली ‘मेंढी’ असं छापलं होतं. पुढच्याच अंकात खुलासा आला, की ती बकरी होती, वय चार वर्षं, मालकाची माफी मागतो. क्रिसान्तोनं तो चौकोन कापून फ्रिजवर चिकटवला. जगात सरकारं माणसांची माफी मागत नाहीत आणि हे लोक बकरीचं वय विचारून घेतात, म्हणजे काय झालं! त्याच्या बायकोला, लिगायाला, हे कौतुक कळत नसे. फ्रिजवर लोक मुलांचे फोटो लावतात, एवढंच तिचं म्हणणं होतं.

अंक त्याच्याकडे यायचा तो तळमजल्यावरच्या ब्रोकमायरबाईंकडून. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. सगळा जन्म जमीनमोजणी कचेरीत गेलेला, त्यामुळे बोलणंही फूटपट्टी लावून. त्यांनी आपण होऊनच त्याच्यासाठी हा रिवाज सुरू केला होता. शनिवारी टपालानं अंक आला की दोन दिवस त्यांचा, सोमवारी सकाळी जिने चढून त्या तो क्रिसान्तोच्या दारातल्या पायपुसण्यावर ठेवत. समासात पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केलेल्या असत. बुधवारी चार वाजता त्यानं खाली कॉफीला जायचं आणि खुणा केलेल्या लेखांवर बोलायचं. बोलायचं म्हणजे परीक्षाच ती. बाई डोळे मिटून ऐकत, मधेच “आणि मग मंत्री काय म्हणाले?” असं विचारत. क्रिसान्तो मंगळवारी रात्रपाळीहून आला तरी आधी खुणेचे लेख पाठ करून मगच झोपायचा.

गेली दोन-तीन वर्षं बाईंची निवड जरा चमत्कारिक झाली होती, पण मोठ्या माणसाला विचारायचं कसं? डुकराच्या मांसाचे भाव, एल्ब नदीतला गाळ, पवनचक्कीचे बेअरिंग, असल्या लेखांवर ठसठशीत खुणा. एकदा तर लोकरी आतल्या कपड्यांच्या जाहिरातीवर खूण होती. आपल्या सर्दीची काळजी वाटून बाईंनी सुचवलं असेल, असं समजून क्रिसान्तोनं इमानेइतबारे दोन जोड विकत घेतले. ते उन्हाळ्यात भयंकर चावायचे.

या बाईंचे आभार मानायचे होते. तोंडानं एकदा प्रयत्न करून झाला होता. “तुमच्यामुळे मी या देशात उभा राहिलो,” असं त्यानं म्हणताच बाईंनी “केक घ्या, वाळतोय,” म्हणून विषय संपवला होता. मग त्याच्या डोक्यात आलं, की ब्रोकमायरबाई दोनच गोष्टींवर विश्वास ठेवतात. एक मोजणीची साखळी आणि दुसरं ‘त्सायगर’. आभार तिथेच छापून आले तर बाईंना ते मुकाट घ्यावे लागतील. झालं. महिनाभर खपून त्यानं पंधरा ओळी लिहिल्या. त्यांतली दहावी ओळ म्हणजे सगळ्या पत्राचा प्राण होता. ‘फ्राउ ब्रोकमायर आधी स्वतः अंकाचा कोपरान् कोपरा वाचतात आणि मग चाळीस पायऱ्या चढून तो माझ्या दारात आणून ठेवतात.’

“चाळीस पायऱ्या,” टोनीसबाई फोनवर म्हणाल्या. “आपण मोजल्यात?”

क्रिसान्तोनं मासा ठेवला, हात पुसला आणि फोन कानाला लावून जिना उतरला. मग चढला. अडतीस भरल्या.

“अडतीस लिहिते. आपल्या पत्नी म्हणतात, की घराला आग लागली तर आपण आधी अंक बाहेर काढाल. त्यांच्याशी बोलता येईल?”

लिगायानं फोन घेतला. नवऱ्याकडे एक नजर टाकून ती म्हणाली, “असं मी म्हटलं नव्हतं. अंक नाही म्हटलं, ‘रद्दी’ म्हटलं होतं. आणि मला नंतर काढेल, तेही म्हटलं होतं. ते त्यानं खाल्लंय.”

“आभारी आहे,” टोनीसबाई म्हणाल्या. पलीकडे टायपिंगचा आवाज झाला.

प्रश्न पुढे सरकत राहिले. रश्शाचं पाणी आटलं. पंधरावा प्रश्न अंकांच्या संख्येचा होता. अकरा वर्षांचे पाचशे बहात्तर अंक आपल्या तळघरात आहेत, असं क्रिसान्तोनं ठोकून दिलं होतं. बावन्न गुणिले अकरा, सोपा हिशेब. टोनीसबाईंना गुणाकार नको होता, मोजणी हवी होती. सोमवारपर्यंत आकडा कळवा, म्हणाल्या. आणि जाता जाता सांगितलं, “दहाव्या ओळीबद्दल मी फ्राउ ब्रोकमायर यांना सवडीनं फोन करीन. एखाद्या माणसाबद्दल वाक्य असेल तर त्या माणसाला विचारायचं, असा आमच्याकडे दंडक आहे.”

“विचारा की,” क्रिसान्तो उदारपणे म्हणाला. ती ओळ तरी शंभर टक्के खरी होती.

शुक्रवारी संध्याकाळी तो तळघरात मोजायला बसला. तळघरातला दिवा काटकसरीचा. बटण दाबलं की तीन मिनिटं जळणार आणि विझणार. क्रिसान्तो सत्तर-ऐंशीपर्यंत पोचला की अंधार. चाचपडत बटणापर्यंत जायचं, येईपर्यंत आकडा विसरायचा. दिवा लागलेला असताना आणखी एक अडचण होती, ती म्हणजे मुखपृष्ठं. एखादं दिसलं की हा उघडून बघणार, वाचणार, हसणार. दोन तासांनी वर आला तेव्हा कपाळाला जळमटं होती आणि आकडा एकशे बारा होता.

“उजेडात मोज ना, शहाण्या,” लिगाया म्हणाली.

सल्ला चांगला होता, म्हणून तर घात झाला. शनिवारी सकाळी सात वाजता क्रिसान्तोनं सगळे अंक तळघरातून वर आणले. जिन्याखाली काही ठेवायचं नाही असा घराचा नियम, म्हणून पुढच्या दाराबाहेर, फुटपाथच्या कडेला मांडले. वर्षावर्षाचे ढीग करून प्रत्येकाला आडवी-उभी सुतळी बांधली. त्यानं गाठीही अशा झोकात मारल्या, की खुद्द जर्मन माणसानं बघत राहावं. अकरा गठ्ठे ओळीनं उभे राहिले. ते डोळे भरून पाहिले आणि कागद-पेन्सिल आणायला तो वर गेला. वर लिगायानं गरम पाव पुढे केला. दहा मिनिटं गेली असतील नसतील.

खाली आला तर फुटपाथ स्वच्छ. सुतळीचा एक तुकडा पडला होता, तेवढाच.

क्षणभर त्याला काही कळेचना. मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर डोळ्यांपुढे आलं. महिन्याचा तिसरा शनिवार! गावच्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक या दिवशी सकाळी आठच्या आत रद्दी गोळा करत फिरतात. लोकांनी काय करायचं, तर रद्दीचे गठ्ठे आडव्या-उभ्या सुतळीनं बांधून फुटपाथच्या कडेला ठेवायचे. अकरा वर्षं क्रिसान्तो स्वतः जाहिरातींची पत्रकं अशीच बांधून ठेवत आला होता. सुतळीची ती गाठ शिकला तीसुद्धा त्यासाठीच. आज त्यानं सगळं नियमाला धरून केलं होतं, काडीची चूक नव्हती.

पायात सपाता, अंगात रात्रीचा सदरा, अशा अवतारात त्यानं सायकल हाणली. अग्निशमन केंद्राच्या मागं रद्दीचा लोखंडी कंटेनर उभा होता, खोलीएवढा. बारा वाजता कागद-कारखान्याची गाडी येऊन तो उचलणार होती. उवे नावाचा दलाचा म्होरक्या, गलेलठ्ठ आणि मिशाळ, कडेला सॉसेज खात उभा होता. क्रिसान्तोनं धापा टाकत सगळी हकिगत सांगितली.

“त्सायगर?” उवेनं सॉसेज खाली ठेवलं. “पाचशे बहात्तर? आणि आम्ही उचलले?” असं पाप आपल्या हातून घडलंय यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं शिट्टी मारली. बघता बघता सात-आठ जण कंटेनरमध्ये उतरले. आगीत शिरायची सवय असलेली माणसं, रद्दीत शिरायला कितीसा वेळ?

गठ्ठे पहिल्या पाऊण तासात वर आले. पण टाकताना चार-पाच सुटले होते, त्यांचे अंक गावभरच्या पत्रकांत मिसळले होते. ते एकेक शोधता शोधता गंमत झाली. एकाला नऊ वर्षांपूर्वीचा अंक सापडला आणि तो कडेला बसून वाचू लागला. दुसऱ्याला त्यानं एक परिच्छेद वाचून दाखवला. दुसरा म्हणाला, अरे, तेव्हा यांनी जे लिहिलं तेच आता झालंय. तिसऱ्याला ते पटेना, म्हणून त्यानं त्याच्या पुढचा अंक शोधला. अर्ध्या तासानं क्रिसान्तोनं मान वर केली, तेव्हा हेल्मेटवाले आठ जण रद्दीच्या ढिगावर बसून जुन्या बातम्या वाचत होते आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दृश्यानं तो इतका सुखावला, की गाडी यायला तासच उरलाय याची आठवण द्यायचंही त्याच्या जिवावर आलं.

“पण उवे,” त्यानं विचारलं, “गठ्ठ्यांवर एवढं मोठं नाव दिसत होतं. तुम्हाला शंका नाही आली?”

“आली ना!” उवे म्हणाला. “मी म्हटलंच, एवढे नीट ठेवलेले त्सायगर कोण टाकतं? म्हणून तळमजल्यावरच्या आजींना विचारलं. त्या दारातच उभ्या होत्या, गठ्ठ्यांपासून हातभर. मी बोट दाखवून विचारलं, ‘हे न्यायचे ना?’ त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘हो हो, रद्दीच आहे ती, न्या.’”

क्रिसान्तोच्या काळजाला ते लागलं. रद्दी? ब्रोकमायरबाई म्हणाल्या? ज्या बाईंनी अंकाला कॉफीचा डाग पडला म्हणून एकदा त्याला चार शब्द सुनावले होते, त्यांनी पिवळ्या अक्षरांतलं ते वीतभर नाव हातभरावरून पाहिलं आणि ‘न्या’ म्हटलं? आपण इतकं कशानं दुखावलं त्यांना?

तो तसाच रद्दीत बसून राहिला. मग हळूहळू एकेक गोष्ट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. कॉफी ओतताना बाई कपाच्या काठावर बोटाचं टोक धरतात, ते. घड्याळ बघायचं सोडून चर्चची घंटा मोजतात, ते. डोळे मिटून ऐकतात, ते. डुकराच्या मांसाचे भाव. एल्बचा गाळ. लोकरी कपड्यांची जाहिरात! कुणी वाचून केलेल्या खुणा नव्हत्याच त्या. हाताला लागेल त्या पानावर, अंदाजानं, पेन्सिल टेकवली होती.

बाईंना दिसत नव्हतं. आणि तेही काल-परवापासून नाही, दोन-तीन वर्षं.

नर्स म्हणवतो स्वतःला, क्रिसान्तो मनात म्हणाला. अनोळखी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघतो आणि दर बुधवारी जिच्यासमोर बसतो तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. लक्ष कुठे होतं? तर पवनचक्कीच्या बेअरिंगमध्ये! त्याला स्वतःची लाज वाटली आणि बाईंची फार माया आली. वाचता येत नसताना त्या वर्गणी भरत होत्या. कठड्याला धरून अडतीस पायऱ्या चढत होत्या. कशासाठी, तर त्यानं बुधवारी खाली यावं आणि आठवडाभरात जगात काय झालं ते सांगावं. आपण परीक्षा देतोय असं त्याला वाटत होतं आणि बाई त्याच्या तोंडून अंक वाचून घेत होत्या.

आणि आता टोनीसबाई त्यांना फोन करून विचारणार, की आपण कोपरान् कोपरा वाचता, हे खरं का?

ब्रोकमायरबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, त्यातून ‘त्सायगर’शी तर नाहीच. खरं सांगितलं तर इतकी वर्षं जपलेली झाकली मूठ उघडी पडणार, तीही याच्या पत्रापायी. कशाला केली नसती उठाठेव!

उवेनं सगळे अंक दलाच्या लाल गाडीतून घरी पोचवले. क्रिसान्तोनं ते मागच्या दारानं गुपचूप तळघरात उतरवून घेतले आणि आजींना काही बोलू नका, म्हणून उवेकडून वचन घेतलं. मोजणी भरली पाचशे एकाहत्तर. एक अंक उवेनं वाचायचा राहिला म्हणून मागून घेतला होता.

रविवार त्यानं येरझाऱ्या घालण्यात काढला. लिगायाला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “पत्र परत घे.”

“ते पत्र म्हणजे त्यांचे आभार आहेत, लिगाया. दुसरीकडे त्या घेतच नाहीत.”

“मग त्यांना उघडं पाडून दे आभार,” ती म्हणाली.

सोमवारी आठ वाजून एक मिनिटानं त्यानं फोन लावला. आधी आकडा सांगितला. पाचशे एकाहत्तर आपल्याकडे, एक अग्निशमन दलाकडे. टोनीसबाईंनी अग्निशमन दलाच्या माणसाचं नाव विचारलं, लिहून घेतलं. मग क्रिसान्तोनं मूळ मुद्दा काढला.

“दहावी ओळ काढून टाका.”

“ती चुकीची आहे का?”

चुकीची आहे म्हणावं तर बाईंचं गुपित फुटतं. बरोबर आहे म्हणावं तर ‘त्सायगर’च्या तपासणी खात्याला धडधडीत थाप मारायची. बकरीचं वय विचारणाऱ्या माणसांना! त्याच्यानं ते होईना.

“सांगू शकत नाही,” शेवटी तो म्हणाला. “मला कुणालातरी सांभाळायचंय.”

पलीकडचं टायपिंग थांबलं. पुन्हा बोलल्या तेव्हा टोनीसबाईंचा आवाज पहिल्यांदाच कचेरीच्या खिडकीआडून बाहेर आल्यासारखा वाटला. “हे आम्हाला कळतं. पण वाक्य एका व्यक्तीबद्दल आहे.”

“मग पत्रच नको. परत घेतो मी. त्यांना फोन करू नका.”

“फोन मी शुक्रवारीच केला,” टोनीसबाई म्हणाल्या.

क्रिसान्तो खुर्चीत बसला. “काय म्हणाल्या त्या?”

“ते मी आपल्याला सांगू शकत नाही. आपलं माणूस आपण सांभाळा, माझं मी सांभाळते.” मग त्यांनी विचारलं, “पत्र खरंच परत घेताय? की आमच्यावर सोडताय?”

अकरा वर्षं ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांच्यावर आणखी एकदा टाकायला हरकत काय? पण दुसऱ्याच्या अब्रूचा प्रश्न होता. क्रिसान्तोनं डोळे मिटले. बकरी आठवली. तिच्या मालकाची माफी आठवली.

“सोडतो,” तो म्हणाला.

तो आठवडा त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. बुधवारी कॉफीला गेला, तर ब्रोकमायरबाई नेहमीसारख्याच. गाळाबद्दल विचारलं, मंत्र्याबद्दल विचारलं, फोनबद्दल चकार शब्द नाही. कप भरताना त्यांचं बोट काठावर होतं. क्रिसान्तोनं खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या सोमवारी अंक पायपुसण्यावर आला. क्रिसान्तोनं दारातच, उभ्या उभ्या, वाचकांच्या पत्रांचं पान काढलं. पत्र होतं! पायऱ्या अडतीस होत्या, अंक पाचशे एकाहत्तर होते, ‘अग्निशमन दलाच्या वाचनात असलेला एक वगळता’ असंही होतं. लिगायाचं म्हणणं ‘रद्दी’ या शब्दासकट आलं होतं आणि ते वाचून ती आतून ओरडली, “बघ! खरी माणसं आहेत ही.” आणि दहावी ओळ? तिच्या जागी लिहिलं होतं, ‘या घरात आलेला एकही अंक न वाचलेला राहिलेला नाही, आणि त्याचं श्रेय अडतीस पायऱ्या चढणाऱ्या, तळमजल्यावरच्या फ्राउ ब्रोकमायर यांना आहे.’

क्रिसान्तोनं ते वाक्य तीनदा वाचलं. उलटसुलट करून पाहिलं, ठोकून पाहिलं. कुठे एक शब्द खोटा नव्हता आणि कुठे एक शब्द जास्त नव्हता. कुणाची मूठ उघडली नव्हती. एवढ्या मोठ्या साप्ताहिकात कुणीतरी बसून एका म्हातारीसाठी आणि एका नर्ससाठी हे वाक्य घासूनपुसून तयार केलं होतं. त्याला टोनीसबाईंना इलोइलोचे आंबे पाठवावेसे वाटले. ते त्या घेणार नाहीत, हेही कळत होतं.

फक्त एक रुखरुख राहिली. बाई आयुष्यभर अंकाचा कोपरान् कोपरा वाचत आल्या, हे कुठेच आलं नव्हतं. त्यांच्या कानावर हे पत्र जाईल ते याच्याच तोंडून. तेव्हा त्यांच्या वाट्याचं वाक्य गळलेलं ऐकून त्यांना काय वाटेल?

बुधवारी चार वाजता ब्रोकमायरबाईंनी मनुकांचा केक कापला आणि म्हणाल्या, “तुमचं काहीतरी छापून आलंय, असं कळलं. माझा चष्मा आत राहिलाय. तुम्हीच वाचा, हेर दुमलाव.” ‘हेर’ म्हणजे श्रीयुत; अकरा वर्षांत बाईंनी ते सोडलं नव्हतं.

क्रिसान्तोनं घसा साफ केला. पत्र वाचू लागला. बाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. इलोइलो आलं, परीक्षेपुरतं जर्मन आलं, बकरी आली. दहाव्या ओळीशी तो क्षणभर थांबला आणि मग, पानाकडे बघत, जराही आवाज न बदलता म्हणाला, “‘फ्राउ ब्रोकमायर आधी स्वतः अंकाचा कोपरान् कोपरा वाचतात आणि मग अडतीस पायऱ्या चढून…’”

“असं छापलेलं नाही तिथे,” ब्रोकमायरबाई म्हणाल्या.

क्रिसान्तोनं मान वर केली. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“कारण मीच काढायला लावलं.” बाईंनी डोळे उघडले आणि तो बसला होता त्याच्या जरा डावीकडे बघितलं. “त्या टोनीसबाईंना सगळं सांगितलं मी. माझ्याबद्दल ‘त्सायगर’मध्ये खोटं छापून आलेलं मला चालणार नाही. त्यांनी पाच वाक्यं वाचून दाखवली. चार मी नापास केली.”

क्रिसान्तोनं हात पुढे केला आणि टेबलावरच्या त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी तो अर्धा मिनिट राहू दिला. जमीनमोजणी खात्याच्या मानानं ते पुष्कळ होतं.

“चला,” मग त्या म्हणाल्या आणि केकची बशी अंदाजानं, पण अगदी बरोबर त्याच्यापुढे सरकवली. “आता खुणा नकोत आणि सोमवारही नको. अंक शनिवारी येतो, शनिवारीच खाली येत जा. आज हा पूर्ण करू. पहिल्या पानापासून वाचा. आणि हेर दुमलाव…”

“हो?”

“मधे पदरचं काही घालू नका.”